कातडं नाही, काठी नाही

...गुडघ्याचं काय विचारता बाप्पा, थ्या डब्यानं खाल्ले माहे गुडघे! हो हो, डबा! आता तुमी म्हणसान म्हातारी बहकली, डबा कसा गुडघे खाईन, डबा काय पिसाळलेलं कुत्रं हाये? तं आयका. पण आयकाचं असन तं पुरं आयका, अर्ध्यातून उठून जाऊ नोका, मले तं तसंही उठता येत नाही. तुमाले सांगतो, सत्तरी उलटली माही, पाटीवर एक अक्षर काढलं नाही कधी, पण जे डोळ्यानं पाह्यलं थे इसरली नाही. आन् म्या काय काय नाही पाह्यलं! वाघाडी नदीच्या पुरात भरली बंडी वाहून जातानी पाह्यली, गावात पह्यल्यांदा लाईन आली तवा जमनीबुढी बल्बाले फुकून इझवाले गेलती थेही पाह्यलं... पण असं नाही पाह्यलं बाप्पा! कातडं नाही, काठी नाही, आन् वाजते!

झालं असं का, माही नात अपेक्षा. धम्मरत्न म्हणजे माहा पोरगा, थो राजूरले कोळशाच्या खदानीत हाये, सून त्याच्याजवळ, आन् पोट्टी आमच्याजवळ, कारण घाटंजीचं कॉलेज इथून जवळ पडते आन् आजीच्या हातची भाकर पडते पोटात. पोट्टी गुणाची. पण नाद एकच, गाणं. गाणं म्हणनं नाही, गाणं बनवनं! कानाले थ्या दोन वाट्या लावाच्या, कॉम्पुटर मांडीवर घ्याचा आन् मुंडी हालवत बसाची. भाईर आवाज नाही, काही नाही, नुस्ती मुंडी. शेजारची एकदा मले म्हणे, "नलूबाई, पोरीले दाखवलं का कोठी?"

तं एक दिवस कुरिअरवाला आला, हा एवढा खोका देऊन गेला. पोट्टीनं फोडला तं आतून निंघाला डबा. पोळपाटापेक्षा लांब, करड्या रंगाचा. वरतून रांगेनं पिळाचे कान, एक नाही दोन नाही, गंज कान, रेडिओले असतेत तसे. खालून बटनं, लाल, नारंगी, पिवळे, पांढरे, जशा जत्रेतल्या लिमलेटच्या गोळ्या मांडल्या.

"काय वं हे? शेगडी?"

"आजी, ढोल हाये."

"ढोल? कातडं कोठी हाये मंग?"

"कातडं नाही याले."

"काठी?"

"काठीही नाही."

"मंग हाये काय याच्यात, बापाचं डोकसं?"

हासली. हासून मले सांगते कशी, का आजी, याची असली मशीन अलग असते, लय जुनी, परदेशातली, मोठमोठ्या गाणेवाल्यायजवळ असते, थे घ्याची म्हणलं तं आबाजीले वावर इकाव लागन, म्हणून हे त्याची नक्कल. आतून तशीच्या तशी, पण सस्ती. अन् हे तोंड वर करून सांगून राह्यली! म्या म्हणलं, अवं पोरी, आपल्या इकडं नकली बियाणं निंघालं तं लोकं ठाण्यात जातेत, आन् तू नकली ढोल घरात आणून दात काढून राह्यली? तं म्हणे, "आजी, नकली बियाणं उगवत नाही. हे उगवते. पाह्य."

आन् तिनं पिन लावली, काळ्या पेटीले वायर जोडली आन् बटन दाबलं.

फद्. फद्. फद्. फद्.

काय सांगू, ओल्या पोत्यावर धोपाटनं मारल्यावानी! मी म्हणनारच होती का घे, उगवलं तुहं बियाणं... तेवढ्यात छपरीतून आवाज आला.

"शेकलं नाही वाटते."

छपरीत बाजेवर आमचा बुढा पडला होता. सदाशिव नाव त्याचं, म्या घेतलं, तुमाले कळाव म्हणून एकदा घेतलं, आता नाही घेनार. थो बोलला आन् बोलून सोताच दचकला. मीही दचकली. काहून का डफडं वाजवाच्या पह्यले काडाचा जाळ करून शेकाव लागते, मंग कातडं तनते, मंग थे बोलते, हे तुमाले माहीत असन... पण आमच्या घरात थो शब्द निंघत नाही. डफडं हा शब्दच नाही आमच्या घरात! लग्न होऊन आली तवापासून नाही आयकला, आन् आज बुढ्याच्या तोंडून निंघाला का शेकलं नाही?

पोट्टी म्हणे, "काय म्हणलं आबाजी?"

"काही नाही. ठसका लागला."

पण थे पोट्टी! तिनं आयकलं होतं. तिनं एका कानाले हात घातला आन् हळूहळू पिळत नेला, म्हणे, "पाहा आबाजी, शेकून राह्यली..."

फद्, फद्, धद्, धुम्, धूंऽम्, धूंऽऽऽऽऽम्!

माय वं माय! फळीवरचे गिलास नाचाले लागले! कोंबड्या आंगण सोडून पयाल्या! तुमाले सांगतो, थो आवाज कानानं नाही आयकू आला मले, थो पह्यले इथं, या बरगडीच्या आत वाजला, मंग कानाले समजलं. जशी दूर कोठीतरी खदानीत सुरुंग उडाला आन् जमीन तुमच्याशी बोलली. आन् खालच्या बटनायवर लाल दिवे, एकामागं एक पळून राह्यले, या टोकाचा इझला का त्या टोकाचा पेटला, जसे पोट्टे बांधावरून रांगेनं धावतेत आन् शेवटचा पोचला का पह्यला पुन्हा सुटते! दुसरं बटन दाबलं तं टाळी. टाळी! हात नाही आन् टाळी! तिसरं दाबलं तं घाटी, बैलाच्या गळ्यातली, टण्-टण्, आन् आमचा गोठ्यातला बैल रवंथ सोडून उभा राह्यला, त्याले वाटलं बंडी जुतून राह्यले! कातडं नाही, काठी नाही, आन् वाजते!

म्या म्हणलं, समजलं मले, कोण्यातरी वाजवनाऱ्याचं वाजवनं भरून ठुलं असन आत, मोबाईलात गाणं असते तसं. तं म्हणे नाही आजी, तेच तं गंमत हाये, याच्यात कोणाचंच भरून ठुलेलं नाही. बटन दाबलं का आतमधी लाईन थरथरते, थे थरथर म्हणजेच आवाज. दरवेळेस नवा. आता बोला! जे लाईन आमच्या घरी पंखा फिरवते, मोटार चालवते, आन् ऐन वावरात पाणी ओलाच्या वखती जाते... थे लाईन ढोल वाजवते! तिले कोणं शिकवलं असन? म्या तं थ्या डब्याले हात जोडले. पोट्टी म्हणे हात कायले जोडते. म्या म्हणलं, तू चूप राह्य.

इथवर सारं बरं चाललं होतं. मंग आली रुपाली.

रुपाली म्हणजे पाटलाच्या घरची नात. गावातलं मोठं घर, मोठं आंगण. आमची अपेक्षा आन् थे एकाच बाकावर बसनाऱ्या, एका डब्यात जेवनाऱ्या, दोघीचं लय जमते. तिचं लग्न जुळलं होतं. आली, डब्यापाशी मांडी घालून बसली, धूंऽम् आयकलं आन् उडालीच, "अपू! माह्या हळदीत तूच वाजवशीन. डीजे-बिजे काही नाही. तू आन् तुही मशीन."

आता आमच्या पोट्टीनं चार लोकायपुढं कधी वाजवलं नव्हतं. आजवर आयकलं कोणं? म्या, बुढ्यानं आन् बैलानं. तिचा चेहरा असा फुलला, असा फुलला का काय सांगू. थे तिथल्या तिथं हो म्हणून गेली. आन् छपरीतून आवाज आला, "नाही."

रुपाली गेल्यावर पुन्हा, "नाही. त्या आंगणात नाही."

आता तुमी म्हणसान बुढा खवचट हाये. हाये थोडा. पण हे खवचटपण नव्हतं, आन् हे समजाले पाह्यजे तं माह्या सासऱ्याचं सांगाव लागन. उकंडाबाबा. पंचक्रोशीत त्यायच्यासारखा हात नव्हता म्हणतेत, डफडं त्यायच्या गळ्यात असलं का मुकं जनावर मान डोलवे. पण थे काही हौसेचं नव्हतं जी, थे लादलेलं काम होतं. पाटलाकडं लग्न, वाजवा. पाटलाकडं मयत, वाजवा. साहेब आला, वाजवा. आंगणाच्या पार कोपऱ्यात, ऊन असो का पाणी असो, सारे लोकं बसून आन् वाजवनारा उभा. मंग छप्पनमधी सासरे नागपूरले गेले, बाबासाहेबांच्या हातून दीक्षा झाली, आन् परत आले थे दुसरेच होऊन आले. आले, डफडं उचललं आन् वाघाडीत सोडलं. म्हणे, या घरचा हात पुन्हा त्या आंगणात वाजनार नाही. संपलं.

संपलं खरं, पण हाताले कोण सांगन? मी नवी नवरी होऊन आली तवा पाह्यलं न म्या. सासरे जेवाले बसले का डाव्या हाताची बोटं ताटाच्या काठावर नाचाची, टिकर-टिकर, आपोआप. त्यायच्या ध्यानात आलं का थो हात मांडीखाली दाबून घ्याचे. अर्धं जेवण हातावर बसून कराचे जी! मरेपरेंत. म्या कोणाले विचारलं नाही, कोणं मले सांगलं नाही.

तं असा मामला. इकडं पोट्टीनं शब्द देल्ला, इकडं बुढ्याच्या बापाचा शब्द. आन् झाली सुरू वकिली! घरात दोघं वकील आन् मधात मी, चाय बनवनारी.

"आबाजी, हे डफडं नाही."

"वाजते न?"

"पण कातडं नाही याले!"

"दिसत नाही म्हणून नाही असं हाये का? आतमधी असन. बिना कातड्यानं असा आवाज निंघत नसते पोरी, मले नोको सांगू."

"आत लाईन हाये!"

"उघड."

"काय?"

"डबा उघड. म्या सोता पाह्यल्याशिवाय मानत नाही."

सांगा आता! नवा कोरा डबा! दुसरी असती तं रडली असती, पण आमची पोट्टीही त्याच रगताची, तिनं परातीत फडकं हातरलं, पेचकस आणला आन् एकएक पेच काढून झाकन उघडलं. म्या चष्मा पुसला, बुढ्यानं टॉर्च लावला. आत पाहातो तं काय... हिरवी पट्टी, आन् तिच्यावर निरे दाने! मसूर, तुरीची डाळ, राजगिरा, मोहरी, कोणं तरी फुरसतीनं एकएक दाना चिटकवला. म्या म्हणलं, अवं हे तं माहं कडधान्य सांडलं! एवढ्यानं गिलास नाचले? एवढ्यानं बैल उठला? तुमाले सांगतो, देऊळ, विहार, मोठ्या मोठ्या जागा पाह्यल्या म्या, पण त्या परातीपुढं जशी वाचा बसली माही तशी कोठी नाही बसली.

बुढ्याचं समाधान नाही. त्यानं टॉर्च फिरवला, बोटानं दाने चाचपले, आन् मंग, आयका हं, नाक खाली नेलं आन् वास घेतला! आंब्याचा घेतेत तसा. म्हणे, कातड्याचा वास लपत नसते, किती वर्सं झाले तरी. एकदा घेतला, डबा फिरवून पुन्हा घेतला.

"नाही," म्हणे.

मले वाटलं खूश होईन, चला, सुटलं एकदाचं. पण बुढा जत्रेत हरपलेल्या पोरासारखा तोंड करून बाजेवर जाऊन बसला. पोट्टीनं झाकन लावलं, एक पेच उरला, कोणत्या भोकातला थे समजेना, बुढ्यानं उचलून खिशात टाकला. आन् म्हणे, "कातडं नाही हे खरं. पण हात तं आपल्याच घरचा न."

"बटन दाबतो आबाजी, मारत नाही!"

"कायनं दाबते? हातानंच न?"

पोट्टी भडकली. "मंग हात कापून ठेवू का रुपालीकडं जातानी?"

म्या म्हणलं, ए! आबाजीशी असं बोलते का? थे डबा आन् काळी पेटी उचलून अंदर निंघून गेली, चुलीपाशी, पाठ करून बसली, आन् बारीक आवाजात वाजवाले लागली. टिक, टिक, धुम्. टिक, टिक, धुम्. रडून राह्यली का वाजवून राह्यली थे समजेना. मी चाय घेऊन छपरीत आली, बुढ्यापुढं कप धरला. तं बुढा डाव्या हातानं कप घेईना, उजवाच पुढं करे. पाह्यलं तं... डावा हात मांडीखाली.

म्या कप मागं घेतला बाप्पा.

म्या म्हणलं, "काढा थो हात."

"कोणता?"

"थो. मांडीखालचा. बापानं जिंदगी काढली त्याच्यावर बसून, आता तुमी सुरू केलं?"

"मुंग्या आल्या म्हणून ठुला."

"हातावर बसल्यानं मुंग्या जातेत का येतेत? काढा!"

काढला. पाह्यलं त्याच्याकडं, जसा कोणा पाहुण्याचा हात हाये. आन् मंग बाजेच्या लाकडावर बोटं पडली. ढ्यांग्, टिकर टिकर, ढ्यांग्... टिक. ढ्यांग्, टिकर टिकर, ढ्यांग्... टिक. म्या एवढा संसार केला या माणसासंग, लेकरं वाढवली, कापसाच्या पऱ्हाट्या काढल्या, पण हे बोटं मले माहीत नव्हती! कप माह्या हातात थंडा झाला.

अंदरची टिकटिक बंद पडली. पोट्टी दारात उभी. डबा-पेटी घेऊन बाजेपाशी खाली बसली, पिन लावली आन् बटनं दाबत गेली, एकएक दिवा लागत गेला.

"असं, आबाजी?"

"नाही."

"असं?"

"नाही वं. थे तिथं लंगडते जरा. शेवटच्या टिकले पाय ओढते."

"थे दोन बटनायच्या मधात पडते आबाजी. मधात बटनच नाही."

  पोट्टीनं डोकसं खाजवलं, मंग काहीतरी आठवलं तिले, एक बटन धरून वरचा एक कान पिळला, म्हणे याच्यानं ठोका जरा मागं सरते... सरकवत गेली, सरकवत गेली, आन् बाप्पा! लंगडलं! जसं पाह्यजे तसं, पाय ओढत, कंबरेत लचकत... ढ्यांग्, टिकर टिकर, ढ्यांग्... टिक! बुढा ताठ बसला. सासऱ्याचं वाजवनं! वाघाडीतून वाहून गेलेलं! ज्या लाईनीनं माहा पंखाही धड फिरत नाही, त्या लाईनीत सासरे येऊन बसले! कातडं नाही, काठी नाही, आन् वाजते!

मंग बुढा बोलला. कोणाकडं पाहून नाही, दिव्यायकडं पाहून. म्हणे, दीक्षा घेऊन आला तवा बाप सीधा नदीवर नाही गेला. मी लहान होतो, मले आठवते. पह्यले आपल्याच आंगणात जाळ केला, डफडं शेकलं, टोपलं पालथं घातलं आन् त्याच्यावर बसला. बसला! आन् हेच वाजवलं, दिवस बुडेपरेंत. कोण्या पाटलासाठी नाही, मयतीसाठी नाही. जिंदगीत पह्यल्यांदा बसून वाजवलं बापानं. आन् मंग नेऊन सोडलं.

"कातड्याचं नव्हतंच वं पोरी," म्हणे. "कातड्यानं काय गुन्हा केला? उभं राह्याचं होतं."

दुसऱ्या दिवशी रुपालीले बोलावलं. बुढ्यानं धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, बाजेवर असा बसला जसा कोर्टात जज्ज. रुपाली घाबरली बिचारी.

"वाजवन आमची पोरगी. पण माही अट हाये."

"सांगा न आबाजी."

"पोरगी उभी राहून वाजवनार नाही. खुर्चीवर बसन. आन् कोपऱ्यात नाही, मांडवाच्या मधात. कबूल असन तं सांग, नाहीतं तुह्या घरच्यायले विचारून ये."

रुपाली पाहातच राह्यली. "एवढंच? आबाजी, टेबल, खुर्ची, पंखा सारं सांगून ठुलं म्या मांडववाल्याले. मशीन काय उभं राहून वाजवते का कोणी? तुमाले कूलर पाह्यजे का?"

घ्या! दोन पिढ्यायची अट, बुढा रातभर घोकून बसला, भांडाची तयारी करून, आन् रुपालीनं त्याच्यावर वरून कूलर देल्ला! बुढ्यानं टोपी काढून पुन्हा घातली. मंग म्हणे, "कूलर नोको... पण बाजूले एक खुर्ची माही पाह्यजे."

"हो आबाजी."

म्या म्हणलं, "आन् माही?"

बुढा म्हणे, "तू बस न कोठीही. बायायमधी."

ध्यानात ठेवा हे. कोठीही.

हळदीचा दिवस. दुपार कललेली. फाटकातच रुपालीची आजी, विमलताई, काठी टेकत पुढं आली, "या सदाशिवराव, बसा." राव! सासऱ्याले या फाटकातून 'ए उकंड्या' म्हणून हाक पडे. बुढा जागेवर थबकला, पार कोपऱ्याकडं पाह्यलं त्यानं. तिथं आता मोटरसायकली लावल्या होत्या. पाह्यलं, आन् मांडवाच्या मधात जाऊन खुर्चीवर बसला. बाजूले टेबल, टेबलावर डबा, डब्यामागं अपेक्षा, खुर्चीत. पोरगी ओढनीले हात पुसे, पुन्हा पुसे, मले दुरून दिसत होतं.

सुरू केलं. धूंऽम्! मांडवाचं कापड हाललं, पण लोकं नाही हालले. सारे बसून. मोबाईल पाहून राह्यले. मांगून एक पोट्टा वरडला, "ओ डीजे, गाणं लावा न!" पोट्टी म्हणे गाणं नाही याच्यात. "मंग काय हाये, पीठगिरणी?" हासले सारे. पोरीचं तोंड उतरलं, दुसरं लावलं, तिसरं लावलं, टाळी लावली, घाटी लावली... कोणी उठेना.  रुपाली बिचारी हळदीनं माखलेली, पाटावरून उठता येईना, तिथूनच हात हालवे, थे एकटीच.

पोट्टीनं बुढ्याकडं पाह्यलं. म्याही पाह्यलं. बुढ्याचा डावा हात कोठी हाये पाह्यलं पह्यले. मांडीखाली!

आन् तेवढ्यात काढला. काढला, खुर्चीच्या दांड्यावर ठुला आन् बोटानं एकदाच वाजवून दाखवलं. ढ्यांग्, टिकर टिकर, ढ्यांग्... टिक. वाजव म्हणे मुंडीनंच.

तिनं लावलं. लंगडणारं.

तुमाले सांगतो, थो शेवटचा ठोका जरा उशिरा पडते न, पाय ओढत, तेवढ्यात मानसाची कंबर सोताहून पुढं जाऊन त्याले आणते! कोणी ठरवून नाही उठलं. पह्यले लहान पोट्टे. मंग पोट्ट्या. मंग थो पीठगिरणीवाला, डोळे बारीक करून. मंग नवरीची मामी, जे सकाळपासून रुसून बसली होती. मंग टोपीवाले, फेटेवाले, जावई, व्याही... आन् मंग विमलताई! काठी टेकत उठली, आन् काठीच आपटे जमिनीवर, ठोक्याले ठोका! सारं आंगण उभं. पाटलाचं आख्खं घर उभं! आन् मधात दोन मानसं बसून, एक पोट्टी आन् एक बुढा.

बुढ्यानं चहूकडं पाह्यलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापरेंत.  मंग मागं टेकला आन् हळूच पायावर पाय टाकला.

बस. मले रडू आलं. रडाले टेकाव म्हणून मी मागं सरली, खुर्चीवर बसाले... तं खुर्ची कोठी? नाचाले जागा पाह्यजे म्हणून पोट्ट्यायनं साऱ्या खुर्च्या उचलून भाईर नेल्या, माहीही नेली! मी बुढ्याले इशारा केला, अहो, जरा सरका, अर्धी तरी द्या... तं बुढ्याचे डोळे मिटलेले, बोटं दांड्यावर. दिवस बुडेपरेंत वाजलं थे. आन् दिवस बुडेपरेंत मी उभी. मले वाटे, त्या आंगणात आमच्या घरचं उभं राह्यलं थे शेवटचं मानूस म्हणजे सासरे. नाही बाप्पा. मी!

तवापासून हे गुडघे. आता डबा सकाळ-संध्याकाळ सुरू असते, बुढा शिकून राह्यला, एका बोटानं, पोट्टीले कॉलेजले जाऊ देत नाही. थांबा, उठून दाखवतो, आयका तुमीच... काठी द्या थे इकडं... हं...

कट्ट!

आयकलं? आन् थे पाहा, छपरीतून बोलून राह्यला...

"शेकलं नाही वाटते!"